भाऊ उठले

“पाटा न्यायचा की ठेवायचा, तेवढं एकदा सांगा,” कुमुद म्हणाली.

मी पुस्तकांच्या तीन ढिगांमध्ये जमिनीवर बसलो होतो. एक ढीग न्यायच्या पुस्तकांचा, दुसरा वाचनालयाला द्यायच्या पुस्तकांचा आणि तिसरा ज्यांचं काही ठरत नव्हतं त्यांचा. तिसरा सगळ्यात उंच होता.

“मृणालकडे मिक्सर आहे ना?”

“मिक्सर आहे. पाटा नाही.”

“मग नेऊ या.”

“तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार तो?”

“मग ठेवू या.”

“तुमच्यापेक्षा पाट्यालाच विचारलं असतं तर बरं झालं असतं,” असं म्हणून कुमुद आत गेली. जाता जाता तिने तिसऱ्या ढिगातली चार पुस्तकं उचलून दुसऱ्यात टाकली. मी ती परत तिसऱ्यात ठेवली.

ही सतरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. आचवलीच्या वाचनालयात चोवीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढून मी निवृत्त झालो होतो. नाशिकला मुलीने, मृणालने, आमच्यासाठी एक खोली वाढवून घेतली होती. गुरुवारी टेम्पो येणार होता. आज मंगळवार.

मी मूळचा श्रीगोंद्याकडचा. आचवलीला येईपर्यंत समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. पण आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी त्याच्या नादी लागलो. बंदराच्या उत्तरेला डोंगराचं एक टोक पाण्यात घुसलेलं आहे. त्यावर बसायला सपाट असा काळा कातळ आहे. पावणेसातला मी पुस्तक घेऊन तिथे जायचो. सूर्य पाठीमागून, डोंगराआडून यायचा. डोंगराची सावली पाण्यावरून हळूहळू मागे सरकायची आणि ती जिथून सरकली तिथलं पाणी राखाडीचं हिरवं व्हायचं. जमिनीकडून गार वारा सुटलेला असायचा आणि त्याला वाडीतल्या चुलींचा, काजूच्या पाल्याच्या धुराचा वास असायचा. पुस्तकातलं एक प्रकरण वाचायचं, उठायचं, चष्मा पंचाच्या टोकाने पुसायचा आणि घरी येऊन आंघोळ करून नऊला वाचनालय उघडायचं. चोवीस हिवाळे मी हेच केलं.

एवढ्या वर्षांत गावाशी माझं बोलणं मात्र फारसं झालं नाही. चूक माझीच. माणसं समोर आली की मला योग्य वाक्य सापडायला वेळ लागतो आणि ते सापडेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. वाचनालयाच्या समितीने निरोपाचा कार्यक्रम केला. पाच सभासद, एक शाल, एक नारळ. मी दोन वाक्यं बोललो आणि तिसरं न सापडल्याने बसलो. घरी येताना मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती कुमुदलाही सांगायची लाज वाटत होती. चोवीस वर्षं या गावात राहून आपण इथले कोणी झालो का, की नुसतेच कातळावर बसून गेलो? जायच्या आधी हे कळलं तर बरं, असं वाटत होतं. पण असं कोणाला विचारतात का?

तेवढ्यात मागच्या दाराने पार्वती खवणेकर आली. पार्वती मासे विकायची आणि कुमुदची खास मैत्रीण होती. आज तिची टोपली रिकामी होती.

“वयनी, सोलां भरलास काय बरणेत?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळली. “भाऊ, बरां नाय काय तुमका?”

“बरा आहे की.”

“मग सहा दिस कातळार कित्याक जावक नाय?”

“हे आवरायचं चाललंय ना,” मी ढिगांकडे हात केला.

“बुकां काय पळान जातत?” ती म्हणाली. “उद्या सकाळी जातलास मां?”

मी गोंधळलो. चोवीस वर्षांत माझ्या जाण्या-येण्याची चौकशी पार्वतीने पहिल्यांदाच केली होती. “बघतो,” मी म्हणालो.

“बघू नकात. जावा.”

आतून कुमुदने तिला हाक मारली, जरा घाईनेच. स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज झाली. मग पार्वतीचा हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कुमुदचं “श्शू!” माझ्यावर हसत असाव्यात, असं मी धरून चाललो. माझा तो स्वभावच आहे.

संध्याकाळी चारच्या सुमाराला मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. मेथरांच्या रापणीची होडी वाळूवर होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत न्यायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन बाजूंना आणायचे आणि तीस-चाळीस माणसांनी मिळून ओढायचं. जो दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, मग तो पाहुणा असो की पोस्टमन. हे मला माहीत होतं, कारण मी दुरून सगळं पाहत आलो होतो. दोर मात्र कधी धरला नव्हता. कोणी म्हटलं, ‘तुम्ही कशाला, भाऊ?’, तर काय करायचं, ही भीती.

होडीच्या सावलीत लवू मेथर आणि त्याचा चुलतभाऊ सोनू भांडत होते. लवू रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. साठीचा, सुकलेल्या सुरमईसारखा ताठ आणि खरखरीत. सोनू त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आणि आवाजाने दुप्पट.

“परवा टाकलंव असतो तर भरली असती!”

“तुझ्या कपाळार भरली असती. पाणी बघलंस? निवळशंख!”

“पाणी बघीत बसलास नि सहा दिस सगळी घरात चटणी-भात खातत!”

मला पाहताच दोघेही गप्प झाले. लवूने उगाच जाळ्याचा एक धागा चाचपला.

“काय भाऊ,” तो म्हणाला, “जावची तयारी झाली?”

“होतेय. सहा दिवस होडी गेली नाही वाटतं?” काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

“जातली कशी?” सोनू फुटला. “तुमी उठूक नाय मां!”

लवूने त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

“मी?” मी म्हणालो. “मी कुठून उठलो नाही?”

“कातळावरसून! तुमी उठलास की आमी होडी लोटतंव. मागच्या वर्सा एका सुट्टीच्या दिसा तुमी ता खंयचा जाडजूड बुक घेतलास, तर साडेनवापर्यंत उठूक नाय. उन्हात आमची टाळकी भाजली. हो लवू म्हणता, जावन हाक मारूया. मीया म्हटलंय, नको, भाऊंका कळतला म्हायत काय!”

“सोन्या, तोंड बंद कर,” लवू म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, “भाऊ, उद्या सकाळी बसतलास मां जरा? जावच्या आधी एकदा.”

मी मान हलवली आणि जवळजवळ पळतच घरी आलो.

कुमुद वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती आश्चर्यचकित होईल अशी माझी अपेक्षा होती. तिने कपबशी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

“तुला माहीत होतं?”

“अकरा वर्षं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही परत कधी उठला असता का?” ती म्हणाली. “तिथेच बसून राहिला असता. आता उठू की मग उठू, लोक काय म्हणतील, बरोबर उठलो की चुकीचा उठलो. दुपारी मला डबा घेऊन यावं लागलं असतं.”

मी एक बशी उचलून उगाच वर्तमानपत्रात गुंडाळू लागलो.

“आणि दर आठवड्याला घरात बांगडे कुठून यायचे, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत?”

“पार्वतीकडून तू घ्यायचीस.”

“पार्वती आणून द्यायची. वाटा होता तो तुमचा.”

मी ढिगाजवळ बसलो. अकरा वर्षं मी माझा वाटा खात होतो आणि मला वाटत होतं, आपण विकतचे मासे खातोय.

“पण मीच का?” मी विचारलं. “म्हणजे, मला पाण्यात काहीतरी दिसतं, असं त्यांना वाटतं का?”

कुमुदने कपात कागद कोंबला. “असेल तसं,” ती म्हणाली आणि पुढची बशी गुंडाळू लागली.

त्या संध्याकाळी मी किती खूश होतो, हे लिहितानाही संकोच वाटतो. मी आठवून पाहिलं. पक्षी गोळा झाले की माझं लक्ष पुस्तकातून उडायचं, हे खरं. पाण्याचा रंगही मी पाहायचो. नकळत एवढ्या वर्षांत आपल्याला समुद्र वाचता येऊ लागला असेल. का नाही? अशा लोकांबद्दल मी वाचलं होतं. जेवताना मी कुमुदला म्हटलंही, “निरीक्षण ही मुळात सवयीची गोष्ट आहे.” ती म्हणाली, “भात घ्या.”

बुधवारी पावणेसातला मी कातळावर बसलो. पुस्तक उघडलं. पहिली ओळ वाचली. मग तीच ओळ परत वाचली. मग खाली पाहिलं.

सगळी वाडी किनाऱ्यावर होती. होडीजवळ लवू आणि सोनू, एकमेकांपासून दोन हात दूर. मागे दोरांची वेटोळी, वेटोळ्यांवर बसलेली माणसं. बायका टोपल्या घेऊन. पार्वती कमरेवर हात ठेवून. आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. माझं लक्ष जाताच सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. कोणी आकाशाकडे, कोणी पायांच्या अंगठ्यांकडे. अकरा वर्षं त्यांनी हेच केलं असणार.

मी समुद्राकडे पाहिलं. आता नीट, जबाबदारीने पाहिलं. डोंगराची सावली सरकली. पाणी हिरवं झालं. एक काळपट पट्टा दिसला आणि मी जवळजवळ उठलोच होतो, पण तो पाण्याखालचा खडक होता. चोवीस वर्षं तो तिथेच होता. पक्षी तीन होते. त्यांतला एक माझ्यापासून चार हातांवर येऊन बसला आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहू लागला. त्यालाही माझ्याकडूनच कळायचं असावं.

आठ वाजले. सव्वाआठ झाले. मला समुद्रात काहीही दिसत नव्हतं. मला कधीच काही दिसलं नव्हतं. एवढी माणसं अकरा वर्षं माझ्या भरवशावर राहिली आणि मी फक्त प्रकरणं संपवत होतो. उठावं तर खोटं ठरणार, न उठावं तर त्यांचा सातवा दिवस फुकट. खाली जाऊन सरळ सांगावं का? पण खाली जायलाही आधी उठावं लागणार होतं.

एवढ्यात माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. पायाखाली पाय घेऊन मी दीड तास हललो नव्हतो. मी तो हळूच सोडवायला गेलो आणि मांडीपासून टाचेपर्यंत अशी कळ गेली की मी ताडकन उभा राहिलो.

“भाऊ उठले!” खालून एकच ओरडा झाला.

“नाही! नाही!” मी ओरडलो. “अजून नाही! पाय! पाय!”

वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. माझा आवाज पाण्यावर गेला. मी पंचा काढून जोरजोरात हलवला. हे तर त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. खालचा उत्साह दुप्पट झाला. होडी पाण्यात गेलीसुद्धा.

एक पाय ओढत मी कसाबसा खाली उतरलो. तोवर रापण पडली होती, दोर किनाऱ्याला आले होते आणि ओढ सुरू झाली होती. लवू दोराच्या पुढच्या टोकाशी होता.

“लवू,” मी धापा टाकत म्हणालो, “मासळी नाहीये. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मला काही दिसलं नाही. मला काही कळत नाही त्यातलं.”

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. “दोर धरा,” तो म्हणाला.

“अहो, पण…”

“धरा मां!”

सोनूच्या मागे जागा होती. मी दोर धरला. ओला, काथ्याचा, तळव्यांना ओरबाडणारा. सगळे एकदम मागे झुकायचे, टाचा वाळूत रोवायचे, एक पाऊल मागे. परत झुकायचे. दोन-तीन वेळा मी चुकीच्या वेळी झुकलो आणि सोनूच्या पाठीवर आपटलो. “बुकातलां आसा काय ह्यां?” तो मागे न बघता म्हणाला. मग मला ताल सापडला. पहिल्यांदाच असं झालं, की मला काही बोलायचं नव्हतं आणि मी लोकांमध्ये होतो.

रापण वर आली. तिच्या पोटात एक टोपलीभर पेडवे, म्हणजे बोटाएवढे बारके मासे होते, चार खेकडे, पुष्कळसं शेवाळ आणि डाव्या पायाची एक चप्पल.

सगळे त्या चपलेकडे पाहत होते. मी पंचाने तोंड पुसलं. चुकीचं वाक्य असलं तरी बोलायलाच हवं होतं.

“माफ करा,” मी म्हणालो. “अकरा वर्षं तुम्हाला वाटत होतं मला समजतं. मला काही समजत नाही. एवढ्या दिवसांत किती वेळा माझ्यामुळे रिकामी आली असेल.”

सोनूने लवूकडे पाहिलं. लवूने सोनूकडे. आणि मग सोनू वाळूत बसूनच हसायला लागला.

“भाऊ,” लवू म्हणाला, आणि त्याच्या त्या खरखरीत तोंडावर मी हसू पाहिलं. “तुमका तारली खंयची नि पेडवो खंयचो ता तरी कळता काय?”

“नाही.”

“आमका म्हायत आसा तां. म्हणानच तर तुमका धरलंव.”

मला अर्थ लागेना.

“बारा वर्सामागे,” तो सांगू लागला, “हो सोन्या म्हणा आता टाक, मी म्हणा मग टाक. भरली तर दोघांय म्हणत माझ्यामुळा. रिकामी इली तर दोघांय म्हणत तुझ्यामुळा. सहा म्हयने आमी बोलाक नाय. रापण फुटाक इली. तेव्हा माझी आवस जीती होती. ती म्हणाली, तुमी दोघांय शाणे आसात, ह्यांच वायट. जेका मासळेतला काय एक कळणा नाय, असो माणूस बघा. नि तिणा कातळार बोट दाखवल्यान. म्हणाली, तो बुकवालो उठलो की होडी लोटा. भरली तर देवाची. रिकामी इली तर कोणाचीच नाय.”

“आणि मग?”

“मग काय? त्या दिवसापासून भांडान नाय. तुमच्यार कोण रागावतलो? तुमी बिचारे वाचीत बसलेले.”

“ह्या सहा दिसात किती भांडलंव, इचारा पार्वतीक,” सोनू डोळे पुसत म्हणाला.

“इचारू नकात,” पार्वती म्हणाली. “कान किटले.”

मी तिथे ओल्या पंचासकट उभा होतो. काल संध्याकाळपासून बाळगलेलं माझं निरीक्षण, माझा समुद्र वाचण्याचा अधिकार, सगळं त्या चपलेशेजारी वाळूत पडलं होतं. वाईट वाटायला हवं होतं. पण मी हसत सुटलो. जन्मभर मी माझं अज्ञान लपवत आलो. कोणी काही विचारलं तर उत्तर चुकेल म्हणून रस्ता बदलत आलो. आणि इथे लवूच्या म्हाताऱ्या आईने दुरून एकदा पाहून ते ओळखलं होतं आणि तीस-चाळीस घरं त्याच्यावर सांभाळली होती.

वाटे पडले. वाटे कसले, मूठ-मूठ पेडवे. लवूने माझ्या पंचात दोन मुठी घातल्या.

“दोन का?”

“एक बसल्याचो. एक दोराचो.”

घरी येऊन मी पंचा कुमुदसमोर सोडला आणि तिला विचारलं, “म्हातारीचं बोलणं तुला माहीत होतं?”

“पार्वतीने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.”

“मग काल अर्धंच का सांगितलंस?”

“काल तुम्ही काय ऐटीत जेवत होतात!” ती म्हणाली. “एक संध्याकाळ असू दे म्हटलं.” मग तिने पाटा ओढला आणि शेवटचं वाटण वाटायला बसली.

गुरुवारी टेम्पो आला. वाडीतली बरीच माणसं आली होती. भाषण कोणी केलं नाही. सोनूने न विचारता पाटा उचलला, टेम्पोत ठेवला आणि तिसऱ्या ढिगातली सगळी पुस्तकंही त्यावर रचली, म्हणून तो प्रश्नही सुटला. लवू फक्त एवढंच म्हणाला, “आता कोण उठतलो, भाऊ?” मला उत्तर सापडेपर्यंत टेम्पो गावामागचा चढ चढून सड्यावर पोचला होता.

नाशिकला मृणालच्या गॅलरीतून एक पाण्याची टाकी आणि समोरच्या इमारतीचं पार्किंग दिसतं. तिथे मी खुर्ची टाकली. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. कुमुदने घेतला.

“कोण? पार्वती? … हो, बसलेत … अजून वाचतायत … नाही गं, पातळ आहे आजचं.”

तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी प्रकरण संपवलं, पुस्तक मिटलं आणि उभा राहून चष्मा पुसला.

“उठले,” कुमुद फोनमध्ये म्हणाली. “लोटा.”

त्या टोकाला पार्वती कोणाला तरी ओरडून सांगत होती. मग पुष्कळ आवाज आणि त्यामागे, अगदी बारीक, पाणी.

याला सतरा हिवाळे झाले. लवू आता नाही. होडी सोनूचा मुलगा नेतो आणि फोन पार्वतीची सून करते. दर महिन्याला एस.टी.च्या पार्सलने सुक्या बांगड्यांचा डबा येतो आणि जिन्यात तीन मजले वास घमघमतो. सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, की हा आमचा वाटा.

हल्ली माझं वाचन फार मंद झालंय. एकेक प्रकरण संपता संपत नाही आणि तिकडे माणसं उन्हात थांबलेली असतात. म्हणून आठ वाजले की मी उठतो आणि उरलेली पानं उभ्यानेच वाचून काढतो.